धाकटी, थोरली आणि झाकली मूठ

दोन्ही गाड्या एकाच आईच्या पोटच्या. तोच बुटका बांधा, तीच आखूड पाठ, तोच ओल्या पाटीसारखा करडा रंग. एका साध्यासुध्या हॅचबॅकला कंपनीने दोनदा व्यायामशाळेत धाडलं होतं आणि तिचे दोन पळणारे अवतार काढले होते. कंपनीने त्यांना दिलेली नावं म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची आगगाडी; म्हणायला गेलं तर जिभेला गाठ पडावी. म्हणून चाचणीच्या मैदानावर त्यांना सगळे धाकटी आणि थोरली म्हणत. धाकटीला जरा जास्त ताकदीचं इंजिन आणि चांगले ब्रेक. थोरलीला त्याहून ताकद, रुंद चाकं, अंगाला मिठी मारणाऱ्या खुर्च्या, आणि बटण दाबलं की मऊ किंवा कडक होणारं सस्पेन्शन.

“आणि हा लाल दोरा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उभा जन्म शिवणकामाच्या वर्गात मुलींना काज आणि कॉलर शिकवण्यात घालवला होता, त्यामुळे गाडीत डोकावल्यावर त्यांची नजर आधी शिवणीवर गेली. “टाका सरळ आहे हो. पण धाकटीला काळा आणि थोरलीला लाल, एवढ्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात?”

“आई, खाली इंजिन पण असतं,” सून म्हणाली.

“असेल. मला दिसतं ते मी सांगितलं.”

कडेवरचं बाळ त्या लाल दोऱ्याकडे टक लावून बघत होतं. ते रांगायला लागलं होतं, पण बाटलीला तोंड लावायला काही केल्या तयार नव्हतं. झारीतून, वाटीतून, चमच्यातून, सगळं करून झालं. म्हणून आज आई कामावर, आईमागे बाळ आणि बाळामागे आजी, अशी वरात या जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर येऊन पोचली होती. नवऱ्याची सकाळची पाळी होती. “मी रजा टाकतो,” असं तो रात्री म्हणाला होता, पण सासूबाईंनीच त्याला गप्प बसवलं. “तू घरी राहून काय दूध देणार आहेस? मी जाते.”

बाळ होण्याआधी ती गाड्यांच्या एका मासिकात परीक्षक होती, आणि साधीसुधी नव्हे. दोन गाड्यांमधला केसाएवढा फरक तिला बसल्या जागी कळे, म्हणून तिला सगळे ‘तराजू’ म्हणत. मग बाळ आलं, खुर्ची रिकामी झाली, आणि तिच्या जागी एक उत्साही तरुण आला. तो स्टिअरिंगमागे बसण्याआधीच पट्टा बांधून मोकळा होई, म्हणून त्याचं नाव पडलं ‘घाई’. संपादकांनी तिला परत बोलावलं खरं, पण हातचं राखून. “एक चाचणी करून बघू,” ते म्हणाले होते. “धाकटी की थोरली, एवढं सांग. पूर्वीसारखं जमलं तर तुझी खुर्ची तुझीच. नाही तर कौटुंबिक गाड्यांचं पान आहेच की. डिकीत बाबागाडी मावते का वगैरे. तुला आता तेही छान जमेल.”

हे ‘छान जमेल’ तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. बाबागाडीवर तिचा राग नव्हता. पण आई झाली म्हणजे हातापायांतली विद्या पुसली गेली, असं कुणी न विचारता गृहीत धरावं, हे तिला सहन होत नव्हतं. आणि मनाच्या तळाशी भीती अशी होती, की ते खरंच असलं तर?

“ताई, मी दोन्ही फिरवून आलो!” घाई धावतच आला. “थोरली सकाळीच ट्रेलरवरून उतरली. तो माणूस किल्ली देऊन गेलासुद्धा, त्याला पुढे कुठेतरी जायचं होतं. काय गाडी आहे, मी तुम्हाला...”

“श्श!” तिने बोट ओठांवर ठेवलं. “झाकली मूठ.”

ही पद्धत तिनेच पाडलेली. दोघं परीक्षक आपापल्या फेऱ्या मारून येईपर्यंत गाडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एकाचं मत दुसऱ्याच्या कानात गेलं की ते डोक्यात शिरतं, आणि मग तो गाडी चालवत नाही, ते मत चालवतो. फेऱ्या झाल्या की दोघांनी मुठी पुढे करायच्या. मुठीत चाकाचा एक नट. धाकटीच्या चाकांना चंदेरी नट होते, थोरलीच्या चाकांना काळे, आणि दोन्ही गाड्यांबरोबर जास्तीचे आले होते. एकदम मुठी उघडायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण पगार उघडल्याचा मिळतो, असं ती तेव्हा हसत म्हणायची.

ती आधी धाकटीत बसली.

पहिल्या वळणाला तिचे खांदे जरा ताठ होते. दुसऱ्याला सैल झाले. तिसऱ्यापर्यंत तिला आठवलं, की आपल्याला हात आहेत आणि ते फक्त लंगोट बांधण्यासाठी नाहीत. धावपट्टीच्या टोकाला एक लांब डावं वळण होतं आणि त्याच्या ऐन मध्यावर सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला सांधा वर आलेला. परीक्षक त्याला ‘उंबरा’ म्हणत. चांगली गाडी उंबऱ्यावरून जाताना नुसती मान हलवते आणि पुढे जाते. धाकटीने मान हलवली, जराशी बाजूला कलली, आणि गुणी मुलीसारखी पुढे निघाली. ती एकटीच मोठ्याने हसली.

मग थोरली. इंजिनाने पहिल्याच सरळ पट्टीवर तिला खुर्चीत दाबून धरलं. ब्रेक असे, की जणू कुणी मागून पदर ओढला. सगळं ठीक. मग उंबरा आला, आणि गाडीचं नाक टणकन उडालं. पुढची चाकं क्षणभर हलकी झाली, स्टिअरिंग हातात पोकळ लागलं, आणि तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उठला.

पुढच्या फेरीत तिने पायाला बजावलं. उठायचं नाही. पाय तरी उठलाच. तिसऱ्या फेरीत उंबरा दिसण्याआधीच उठला.

हा पाय पूर्वी कधी उठत नसे. त्या पायावरच तर तिचं नाव होतं.

ती परत आली तेव्हा घाई मूठ पुढे करून तयारच होता. त्याची उघडली: काळा. तिची उघडली: चंदेरी.

“थोरली नाही?” तो चाट पडला. “ताई, ती दगड आहे दगड! कशी ठोकून चालते! शर्यतीची गाडी अशीच असते.”

“उंबऱ्यावर नाक उडतं तिचं.”

“उडणारच. कडक आहे ना.” मग त्याचा आवाज खाली आला, आणि तोच तिला जास्त लागला, कारण त्यात टोमणा नव्हता, माया होती. “ताई, होतं असं. माझी बहीण आई झाल्यापासून साध्या झोपाळ्यावर बसत नाही.”

तिने संपादकांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, “हरकत नाही गं. मग थोरलीबद्दल घाईचंच धरू. तू दमली असशील. त्या दुसऱ्या पानाचं उद्या बोलू.”

सावलीला उभ्या असलेल्या धाकटीच्या मागच्या सीटवर सासूबाई बाळाला थोपटत बसल्या होत्या. ती शेजारी बसली, बाळाला जवळ घेतलं. बाळ असं तुटून पडलं, जणू याला आठवडाभर कुणी विचारलंच नव्हतं. थर्मासमधला चहा सासूबाईंनी झाकणात ओतून तिच्या हाताशी ठेवला.

“आई, मी भित्री झाले का हो?”

दुसरी कुणी असती तर ‘छे, काहीतरीच’ म्हणाली असती. सासूबाईंनी प्रश्न नीट ऐकला. “कशाला भ्यालीस?”

“गाडी उडाली आणि पाय आपोआप उठला.”

“मग तुझा पाय शहाणा म्हणायचा. तू गाढव आहेस.”

“म्हणजे?”

“अगं, वर्गात एखाद्या मुलीचा हात मशीनवर थबकायचा. मी तिला ‘घाबरू नकोस, चालव’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी आधी विचारायचे, हाताला काय लागलं? कधी तिची भीती असायची. कधी सुई वाकडी असायची. हे आधी बघितलं का कुणी?”

ती झाकणातला चहा प्यायची विसरली. हेच तर तिचं काम होतं. भीती वाटली की गाडीला विचारायचं. आणि आज पहिल्यांदाच तिने गाडीला न विचारता स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं.

“आई, बाळासकट माझ्याबरोबर थोरलीत बसाल? बाहेरच्या रस्त्यावर. हळू, अगदी हळू.”

“हळू जायला मी केव्हाही तयार आहे.”

बाळाची खुर्ची थोरलीत बसवली. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर वस्तीतला रस्ता होता: शाळा, दवाखाना, आणि प्रत्येकासमोर गतिरोधक. ती सायकलच्या वेगाने निघाली. पहिल्याच गतिरोधकावर पुढून ठण्ण आवाज आला. बाळाने डोळे वटारले.

“मऊवर आहे की कडकवर?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना त्या बटणाचं सकाळपासून कौतुक होतं.

तिने बटणाकडे बघितलं. मऊवर होतं. मऊवर, आणि ठण्ण?

“आई, मला मागचं सांगायचं हं. मी काही विचारणार नाही, तुम्हीच सांगा.” तिने बटण कडकवर केलं आणि दुसरा गतिरोधक ओलांडला.

“आता मागे टणक झालं. खुर्चीवरची गादी काढून घेतल्यासारखं.”

पुन्हा मऊवर.

“आता बरं. गादी परत दिली.”

पुन्हा कडक, पुन्हा मऊ, पुन्हा कडक. दवाखान्यासमोर बसलेल्या माणसांना कळेना, की ही बाई याच रस्त्यावर येरझाऱ्या का घालतेय. सासूबाई मागून प्रत्येक वेळी बिनचूक सांगत राहिल्या: टणक, बरं, टणक, बरं. आणि प्रत्येक वेळी पुढे मात्र तेच. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. बटण काहीही म्हणो, पुढची चाकं ऐकायला तयार नव्हती.

कडक गाडी सगळीकडून कडक असते. पुढे ठोकायचं आणि मागे हुकूम पाळायचा, हे कुठल्या कारागिरानं मुद्दाम केलेलं नाही. इथे काहीतरी अडकलेलं होतं.

“आई,” ती म्हणाली. “सुई वाकडी आहे.”

“मग थांब ना बाजूला! चालवतेस काय?”

मैदानात येऊन तिने स्टिअरिंग पूर्ण वळवलं, सतरंजी अंथरली आणि पुढच्या चाकामागे पाठीवर आडवी झाली. घाई धावत आला. “ताई, काय हरवलं?”

“बॅटरी दे.”

उजेड स्प्रिंगवर पडला. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये, मधोमध, जाड रबराचा एक ठोकळा ठाण मांडून बसला होता. काळ्या स्प्रिंगमध्ये काळा ठोकळा. बाजूची नारिंगी पट्टी चिखलाने माखलेली नसती तर आंधळ्यालाही दिसला असता. दुसऱ्या चाकापाशीही तसाच.

गाड्या जहाजावरून किंवा ट्रेलरवरून आणताना वाटेत हिंदकळू नयेत म्हणून असे ठोकळे स्प्रिंगमध्ये घालून ठेवतात, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी काढतात. थोरली थेट ट्रेलरवरून इथे उतरली होती. उतरवणाऱ्याला वाटलं, काढले असतील. इथल्यांना वाटलं, ही कडकच आहे. म्हणजे बिचारी सकाळपासून पायात खोडा घालून शर्यत पळत होती, आणि सगळे तिच्या चालीवर मतं देत होते.

घाईने वाकून बघितलं. मग तो गवतावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. “मी या ठोकळ्यांच्या प्रेमात पडलो होतो! ताई, मी लेखाचा मथळा पण ठरवला होता. ‘पोलादी शिस्त’!”

“जॅक आण, पोलादी.”

व्हॅनमधून जॅक आला. चाक जमिनीवरून उचललं, स्प्रिंग सैल झाली, आणि तिने हात घालून पिळवटत ठोकळा ओढून काढला. दुसरा घाईने काढला. सासूबाईंनी तो हातात घेऊन दाबून बघितला, वास घेतला आणि निकाल दिला, “खोडरबर चांगलं होईल.”

मग घाईने जे केलं, ते तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं. तिने न सांगता त्याने फोन काढला. “साहेब, थोरलीबद्दलचं माझं मत खोडून टाका. गाडीत ठोकळे राहिले होते. पंधरा फेऱ्या मारूनही मला कळलं नाही, ताईंना तिसऱ्यात कळलं.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तो म्हणाला, “नाही साहेब, घाबरल्या नव्हत्या. त्यांचा पाय बरोबर होता.”

ती हात पुसत तोंड फिरवून उभी राहिली. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि दोन्हीत एकदम गेलं होतं.

“चला,” ती म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून. झाकली मूठ.”

आता खरी परीक्षा होती. गाडीचा खोडा निघाला, पण पायाचा? ठोकळा हे खरं कारण होतं, की सोयीचं निमित्त? हे ना घाई सांगू शकत होता, ना सासूबाई. ते उंबऱ्यापाशीच कळणार होतं.

ती थोरलीत बसली. सरळ पट्टीवर इंजिन गायला लागलं. डावं वळण आलं. गाडी वळणात अशी टेकली, जशी एखादी बाई सवयीच्या कमरेवर मूल घेते, विचार न करता, बरोब्बर जागी. उंबरा समोर आला. तिने पायाला काहीच बजावलं नाही. नाक किंचित वर झालं, खाली आलं, आणि उंबरा मागे गेला.

पाय होता तिथेच होता.

ती आणखी एक फेरी मारून आली, मग आणखी एक. त्यांतली शेवटची चाचणीसाठी नव्हती. भीती तिच्यात होती, नाही असं नाही. ती पूर्वीही होती, फक्त तेव्हा घरी कुणी वाट बघत नव्हतं. पण त्या भीतीशी आता पुन्हा बोलता येत होतं. तू खरी आहेस का गं, असं विचारता येत होतं. आणि त्या तीन फेऱ्यांत तिला एकेकाचे उपकार आठवत गेले: मायेने का होईना, पण तोंडावर बोलणाऱ्या आणि मग तितक्याच मोकळेपणी चूक मान्य करणाऱ्या घाईचे, रात्री रजा टाकायला निघालेल्या नवऱ्याचे, रात्र रात्र जागवूनही हातापायांतलं काही न चोरणाऱ्या त्या लबाड बाळाचे. आणि मागच्या सीटवर बसून, कशासाठी हे न विचारता, ‘टणक, बरं, टणक, बरं’ सांगणाऱ्या त्या बाईचे.

धाकटी पुन्हा फिरवली. अजूनही गुणीच होती. रोज बाजारात, शाळेत, पाहुण्यांकडे नेण्याजोगी, आणि वाटेत कुणी बघत नसताना दोन उड्या मारणारी. पण वळणात जे तिला जमत नव्हतं, ते थोरलीला जमत होतं, आणि ते नाकारणं म्हणजे खोटं बोलणं.

घाईच्याही फेऱ्या झाल्या, आणि मुठी पुढे आल्या. एकदम उघडल्या.

तिची: काळा. घाईची: चंदेरी!

“आता तुला काय झालं?” ती ओरडली.

“मला ती दगड होती तेव्हाच आवडायची,” तो रडवेल्या चेहऱ्याने म्हणाला. “आता मऊ झाली. एवढं मऊच घ्यायचं तर मग धाकटी काय वाईट?”

“थांबा, माझी राहिली,” म्हणत सासूबाईंनीही मूठ पुढे केली. उघडली तर त्यात बाळाचा एक मोजा. सकाळपासून सगळे शोधत होते तो.

संपादकांचा फोन आला तेव्हा ती धाकटीच्या बॉनेटला टेकून उभी होती. ते म्हणाले, “खुर्चीवर घाईचं जॅकेट असतं. ते उचलायला सांग त्याला. सोमवारी ये.” मग थोडं अडखळत, “आणि ते बाबागाडीचं मी बोललो ते...”

“तेही लिहीन की,” ती म्हणाली. “बाबागाडी थोरलीच्या डिकीत मावते. मी सकाळीच बघितलंय.”

फोन ठेवून ती सासूबाईंकडे वळली. घरात आभार मानायची रीत नव्हती. ‘थँक्यू’ म्हटलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. म्हणून तिने थोरलीचा पुढचा दरवाजा उघडला.

“बसा.”

“मी? पुढे? आणि हा?”

हा म्हणजे बाळ. घाईने दोन्ही हात पुढे केले होते, पण चेहरा असा, की कुणीतरी पेटता सुतळी बॉम्ब हातात देतंय. बाळाने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या टोपीचा काठ पकडला आणि खूश झालं.

“डोकं सांभाळ,” सासूबाईंनी त्याला सांगितलं, “त्याचं. तुझं राहू दे.” मग पदर खोचून त्या लाल शिवणीच्या खुर्चीत शिरल्या. खुर्चीने त्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. “कंबर शिवूनच बसवलीय मेल्यांनी.”

“हळू नेऊ ना?”

सासूबाईंनी पट्टा बांधला, पर्स मांडीखाली दाबली आणि समोरच्या लांबलचक रिकाम्या धावपट्टीकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून प्रवास केला होता.

“हळू मी सकाळी बसले होते,” त्या म्हणाल्या. “आता तुझ्या पायाला काय वाटतं ते बघ.”

पायाला काय वाटत होतं ते तिला माहीत होतं. वळण आलं, उंबरा आला, गेला. शेजारून किंकाळी ऐकू येईल म्हणून तिने कान तयार ठेवले होते. किंकाळी आली नाही. दोन्ही हातांनी पर्स धरून, डोळे लख्ख उघडे ठेवून, सासूबाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

“टणक की बरं?” तिने विचारलं.

“गप्प बस आणि परत वळव,” सासूबाई म्हणाल्या. “अजून एकदा.”